ढोली आणि पिंजरा : माळशिरस परिसरातील पोपटाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात प्राण्यांना स्थान मिळाले ते बहुधा घोडा, हत्ती आणि बैल यांच्या निमित्ताने. ज्या प्राण्याने राज्य जिंकायला किंवा जमीन नांगरायला मदत केली, त्याची नोंद इतिहासकाराने घेतली. पक्ष्यांच्या वाट्याला मात्र काव्य आणि लोककथा आल्या. वास्तविक पोपट हा पक्षी भारतीय समाजाशी किमान अडीच हजार वर्षे इतका निकट राहिला आहे, की त्याच्याविषयीच्या नोंदी एकत्र केल्या तर माणसाच्या शेतीचा, घराचा आणि कायद्याचाही इतिहास त्यांतून वाचता येतो.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील माळशिरस तालुक्यात पोपट रानातही आहे आणि घरातही होता. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी ओसरीवर असा एक पिंजरा टांगलेला असे. आजी गेल्यानंतरही कित्येक महिने तो पोपट पहाटे तिच्याच आवाजात गाईला हाक मारी आणि घरातील माणसे हातातले काम थांबवून ऐकत राहत. त्या वेळी तो पक्षी कुठून आला, असा प्रश्न कोणालाही पडला नव्हता. बाजारातून आणला, एवढेच उत्तर पुरेसे होते. प्रस्तुत निबंध त्या न विचारलेल्या प्रश्नातून सिद्ध झाला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

रानातील पोपट आणि पाळीव पोपट यांचा इतिहास सामान्यतः वेगवेगळा सांगितला जातो. पहिला पक्षिशास्त्राकडे जातो, दुसरा लोकसंस्कृतीकडे. हे दोन्ही इतिहास जुन्या झाडाच्या ढोलीपाशी एकत्र येतात, हे दाखविणे हे या निबंधाचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्राचीन व मध्ययुगीन वाङ्मयीन साधने, माळशिरस परिसराच्या सिंचनाचा व शेतीचा इतिहास आणि वन्यजीवविषयक कायदे यांचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला आहे.

पक्ष्याची ओळख

ग्रामीण मराठीत राघू, रावा आणि जुन्या वाङ्मयात कीर किंवा शुक या नावांनी येणारा हा पक्षी म्हणजे सिटाक्युला क्रामेरी. हे शास्त्रीय वर्णन स्कोपोली याने १७६९ मध्ये केले. शेपटीसह लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर, अंग पोपटी हिरवे, चोच लाल. नराच्या गळ्याभोवती काळा व गुलाबी पट्टा असतो, त्यास आपल्याकडे 'कंठ' म्हणतात. हा कंठ साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. मादीला तो नसतो. महाराष्ट्रात याच्याखेरीज आकाराने मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला आणि डोके जांभळट लाल असलेला लहान, असे आणखी दोन हिरवे पोपट आढळतात. माळशिरसच्या शेतांत आणि पिंजऱ्यांत मुख्यत्वे दिसणारा पक्षी हा कंठवाला पोपटच होय.

या पक्ष्याची एक सवय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. तो काटक्यांचे घरटे बांधत नाही. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब, आंबा अशा जुन्या झाडांच्या ढोलीत, सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेले भोक रुंद करून, अथवा पडक्या भिंतींच्या व देवळांच्या पोकळीत तो अंडी घालतो. विणीचा हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल असा असतो. त्याच ढोलीसाठी साळुंकी आणि पिंगळाही स्पर्धेत असतात. तात्पर्य, अन्न कितीही असले तरी ढोलीवाचून पोपटाची पुढची पिढी नाही.

प्राचीन साधनांतील पोपट

पोपटाविषयीच्या सर्वांत जुन्या ऐतिहासिक नोंदींपैकी एक राजाज्ञेच्या स्वरूपातील आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली. तिच्या आरंभीच शुक आणि सारिका, म्हणजे पोपट व मैना, यांची नावे आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रातही सूनाध्यक्षाच्या प्रकरणात संरक्षण द्यावयाच्या पक्ष्यांत शुकाचा उल्लेख येतो. मात्र हे संरक्षण मारण्यापासून आहे. पाळण्याची प्रथा त्याच परंपरेत प्रतिष्ठित होती. वात्स्यायनाने नागरकाच्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकविण्याची कला गणली आहे. अवध्य असणे आणि बंदी असणे यांत प्राचीन भारतीयांना विसंगती वाटली नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

भारताबाहेरच्यांना या पक्ष्याचे नवल त्याच्या बोलण्यामुळे वाटले. इराणी दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनपूर्व ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'इंडिका' या ग्रंथात माणसाची भाषा बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याचे वर्णन केले आहे. अलेक्झांडरच्या मोहिमेनंतर असे पक्षी पश्चिमेकडे अधिक परिचित झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावरील 'गाथासप्तशती'. त्यातील एका गाथेत आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या थव्याला पाचू आणि माणकांच्या माळेची उपमा दिली आहे. ही उपमा पिंजऱ्यातील पक्षी पाहून सुचणारी नाही. ती उघड्या शेतावर उतरणारा थवा पाहिलेल्या माणसाची आहे.

सातव्या शतकात बाणभट्टाने लिहिलेल्या 'कादंबरी'चा निवेदक पोपटच आहे. आज मराठीत ज्या वाङ्मयप्रकाराला आपण कादंबरी म्हणतो, त्याचे नाव या ग्रंथावरून आले, हे सर्वज्ञात आहे. त्या निवेदकाचे बालपण मात्र क्वचितच आठवले जाते. एका प्रचंड जुन्या सावरीच्या झाडाच्या ढोलीत तो जन्मतो. शिकाऱ्यांच्या टोळीतला एक वृद्ध त्या झाडावर चढतो आणि ढोलीढोलीतून पिले ओढून काढून, मारून खाली टाकतो. पित्याच्या पंखाखाली दडलेले एक पिलू तेवढे वाचते आणि पुढे तेच कथा सांगते. ढोली लुटली जाण्याचे इतके तपशीलवार वर्णन भारतीय वाङ्मयात दुर्मीळ आहे. त्याचे वेगळेपण हे, की तो प्रसंग पकडणाऱ्याच्या नव्हे, तर पिलाच्या बाजूने सांगितला आहे.

याच कुळातील 'शुकसप्तती' मध्ययुगात देशोदेशी पोहोचली. तिच्यावर आधारलेले फारसी 'तूतीनामा' चौदाव्या शतकात रचले गेले, तर तिच्या मराठी अनुवादाची संहिता रिचर्ड श्मिट याने १८९७ मध्ये जर्मन भाषांतरासह लाइपझिग येथे प्रसिद्ध केली. या कथांतील पोपट घराचा राखणदार आहे, शहाणा आहे, आणि पिंजऱ्यात आहे.

ज्ञानेश्वरीतील नळिका

१२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडण्याच्या एका युक्तीचा दृष्टान्त आहे. दोरीत ओवलेली पोकळ नळी झाडाला बांधलेली असते. पोपट तिच्यावर बसताच त्याच्या वजनाने ती फिरते, पक्षी उलटा लोंबकळतो आणि पडण्याच्या भयाने नळी अधिकच घट्ट धरतो. वस्तुतः त्याला कोणीही बांधलेले नसते. पंजे सोडले तर तो उडू शकतो. परंतु आपण अडकलो आहोत या भ्रमात तो राहतो. जीव स्वतःच स्वतःचा शत्रू कसा होतो, हे सांगण्यासाठी ज्ञानेश्वरांनी हा दृष्टान्त योजला.

या दृष्टान्ताचा पारमार्थिक अर्थ सुपरिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून आणखी एक गोष्ट मिळते. दृष्टान्त श्रोत्यांच्या अनुभवातला असावा लागतो. तेराव्या शतकातील मराठी श्रोत्यांना नळी लावून पोपट धरण्याची रीत ठाऊक होती, असा निष्कर्ष यातून काढता येतो. माळशिरस परिसर त्या काळी याच यादव राजवटीच्या छत्राखाली होता. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिरात रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेख आहेत. आज ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी वारीत नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत याच तालुक्यातून पंढरपूरकडे जाते, तर तुकाराम महाराजांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते. नळिकेवरच्या पोपटाचे निरूपण या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे.

कालवा, ज्वारी आणि ऊस

माळशिरस हा मुळात पर्जन्यछायेचा मुलूख. सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. या जिल्ह्याच्या उघड्या गवताळ माळांचा खरा प्रतिनिधी पक्षी माळढोक होय. त्याच्यासाठी १९७९ मध्ये नान्नज परिसरात अभयारण्य घोषित झाले. माळढोकाला झाड नको, पोपटाला झाडावाचून चालत नाही. एकाच जिल्ह्यातील या दोन पक्ष्यांच्या वाट्याला विसाव्या शतकात परस्परविरुद्ध नशीब आले. त्याचे एक प्रमुख कारण पाणी हे आहे.

नीरा नदीच्या खोऱ्यात भाटघर येथील लॉईड धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागांत फिरले. १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना झाली आणि माळीनगर ही नवी वसाहत उभी राहिली. त्यानंतर श्रीपूर येथे साखर कारखाना निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांनी हे चित्र पूर्ण केले. उसाबरोबर पेरू, डाळिंब, आंबा यांच्या बागा आल्या, मका व सूर्यफूल आले. शेतीच्या व बागायतीच्या प्रदेशात कंठवाला पोपट चांगला रुळतो, हे पक्षिशास्त्राला परिचित आहे. पोपटाला वर्षभर पुरेल असे ताट कालव्याने वाढून ठेवले.

अर्थात पोपट आणि शेतकरी यांचे नाते कालव्याच्या आधीचे आहे. रब्बी ज्वारी हे या जिल्ह्याचे जुने पीक. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेले एम ३५-१ हे मालदांडीचे वाण येथूनच दूरवर गेले. कणीस दुधात आले, हुरड्याचे दिवस जवळ आले, की थवे उतरतात. पोपट खातो त्याहून अधिक नासतो. एक कणीस अर्धे कुरतडून तो दुसऱ्यावर जातो, कच्चा पेरू एक चोच मारून टाकून देतो. म्हणून पिकाच्या राखणीला माळा घालून गोफण फिरविणे, डबा वाजविणे, बुजगावणे उभे करणे या गोष्टी शेतीच्या वेळापत्रकाचाच भाग होत्या. आता त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी चमकणाऱ्या फितींनी आणि बागेवरच्या जाळ्यांनी घेतली आहे.

म्हणजे एकाच घरातील माणूस सकाळी शेतात ज्या पक्ष्याला गोफणीने उडवून लावी, त्यालाच संध्याकाळी ओसरीवर डाळ भरवीत असे. यात कोणालाही दांभिकपणा दिसला नाही, कारण शेतातला पोपट हा थवा होता आणि घरातला पोपट हा एक, नाव असलेला जीव होता.

घरातील राघू

पिंजऱ्यातील पोपटाला ग्रामीण घरात पाहुण्याचे नव्हे, मुलाचे स्थान होते. जात्यावरच्या ओव्यांत राघू हा मुलगा किंवा भाऊ आणि मैना ही लेक म्हणून वारंवार येते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात ही प्रतिमा ठिकठिकाणी भेटते. सासरी आलेल्या आणि स्वतःही उंबऱ्याच्या आत राहिलेल्या स्त्रीला पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी बोलावेसे वाटणे स्वाभाविक होते. पहाटे दळताना, दुपारी निवडताना, सर्वांत जास्त वेळ त्याच्या सहवासात तीच असे. म्हणूनच घरोघरचे पोपट प्रामुख्याने बायकांच्या आवाजात बोलत.

या बोलण्याचा अर्थ आधुनिक संशोधनाने स्पष्ट केला आहे. पोपट हा थव्याने राहणारा पक्षी असून तो आवाज शिकतो. सोबत्यांच्या आवाजाशी आपला आवाज जुळविणे हे त्याच्या थव्यातील नाते टिकविण्याचे साधन आहे. पिंजऱ्यात थवा नसतो, म्हणून घरातील माणसे हाच त्याचा थवा होतो. आपण 'पोपटपंची' हा शब्द अर्थ न समजता केलेल्या पाठांतरासाठी वापरतो आणि वर्गात विद्यार्थ्यांना तो सहज ऐकवतो. पोपटाच्या बाजूने पाहता ती पोपटपंची नसते. एकटा पडलेला पक्षी सोबत मागत असतो. प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या पोपटाची पहाटेची हाक आज या अर्थाने आठवते.

प्रश्न उरतो तो या राघूच्या मूळ घराचा. पोपट बोलायला शिकावा तर तो पिलू असतानाच हाती यावा लागतो. म्हणून बाजारातील पुष्कळसे पोपट नळिकेवर नव्हे, तर विणीच्या दिवसांत ढोलीतून काढलेले असतात. त्यांतील कित्येक पिले वाटेतच दगावतात. पुष्कळदा ढोलीचे तोंड रुंद करण्यासाठी खोड फोडले जाते आणि ती ढोली पुढील वर्षी कोणत्याच पक्ष्याच्या कामी येत नाही. बाणभट्टाने वर्णिलेला प्रसंग असा दर उन्हाळ्यात घडत राहिला, फक्त तो ओसरीवरून दिसत नव्हता.

कायदा आणि पकडणारे हात

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या व्यवहाराकडे पाहण्याची चौकट बदलली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर देशी वन्य पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. आधी चौथ्या अनुसूचीत असलेला हा पोपट २०२२ च्या दुरुस्तीने दुसऱ्या अनुसूचीत आला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आज देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. शहरांतून 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे रंगीत बजरीगर हे मूळचे ऑस्ट्रेलियातील असल्याने त्यांची गोष्ट वेगळी आहे.

कायद्याची सामाजिक बाजू येथे नोंदविणे आवश्यक वाटते. फासे लावून पक्षी धरण्याचे कौशल्य या प्रदेशात पारधी समाजाकडे परंपरेने होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. सोलापूर येथे अशा जमातींची वसाहत तारेच्या कुंपणात उभारण्यात आली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून या जमाती मुक्त झाल्या. तारेच्या आत माणसे ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्या हाती दुसरे साधन फारसे दिले नाही. पुढे वन्यजीव कायद्याने जुने साधनही गुन्ह्यात जमा झाले. त्यात पकडणारा सहज सापडतो, विकत घेणारा मात्र प्रतिष्ठित राहतो. वस्तुतः ढोलीपर्यंत हात पोहोचतो तो मागणीमुळे, आणि ती मागणी आपल्यासारख्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून आलेली आहे.

रस्ता आणि जुनी झाडे

आजघडीला पिंजरे कमी झाले आहेत. ढोलीवरचे संकट मात्र संपलेले नाही, त्याचे रूप बदलले आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर आणि तुकाराम पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि तालुक्याच्या दळणवळणासाठी या रस्त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. नवीन वृक्षारोपणाने सावली काही वर्षांत मिळते. ढोली मिळण्यास मात्र फांदी मोडून, खोड कुजून, सुताराने कोरून झाड म्हातारे व्हावे लागते. त्यास काही दशके लागतात. उसाच्या फडात आणि डाळिंबाच्या बागेत अन्न आहे, पण ढोली नाही.

पोपट हा चिवट पक्षी आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या या जातीच्या पोपटांनी लंडनच्या उद्यानांत १९७० च्या सुमारास आपली वस्ती स्थिर केली आणि तेथेही ते जुन्या झाडांच्या पोकळीतच राहतात. त्यामुळे माळशिरसच्या आकाशात आज थवे दिसतात म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. दीर्घायुषी पक्ष्याच्या थव्यात पिढी खंडित झाल्याचे लवकर कळत नाही.

निष्कर्ष

१. अशोकाच्या आज्ञेपासून आजच्या कायद्यापर्यंत पोपटाला संरक्षण देण्याची परंपरा जुनी आहे. मात्र पूर्वी पोपटाला न मारणे एवढाच संरक्षणाचा अर्थ होता. त्याला न पकडणे हा अर्थ अलीकडचा आहे.

२. नीरा उजव्या कालव्यानंतरच्या बागायतीने माळशिरस परिसरात पोपटाचे अन्न वाढविले, परंतु त्याची ढोली वाढविली नाही. त्याच्या भवितव्याचा निकाल ढोलीवर होणार आहे.

३. घरातील राघूवर केलेले प्रेम खरे होते. त्याची किंमत ढोलीतील पिलांनी आणि समाजाच्या कडेला ढकललेल्या माणसांनी मोजली, हेही तितकेच खरे आहे.

४. आज ज्यांच्या घरी असा पक्षी आहे, त्यांनी तो परस्पर सोडून देऊ नये. हातावर वाढलेला किंवा पंख छाटलेला पक्षी रानात जगत नाही. तो वनविभागाच्या स्वाधीन करणे उचित ठरेल.

अखेरीस एक सूचना करावीशी वाटते. सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले. त्यांनी 'पक्षीकोशा'तून पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे जपली. ते काम पुढे नेण्याची एक साधी वाट महाविद्यालयांना उपलब्ध आहे. इतिहास, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून पालखी मार्गावरील व गावठाणातील जुन्या ढोलीच्या झाडांची यादी करावी. झाड कोणते, वय किती, ढोली किती, विणीत तेथे कोणते पक्षी दिसतात, आणि गावात त्या झाडाला काय म्हणतात, एवढ्याच नोंदी विद्यार्थ्यांनी घ्याव्यात. पुढील रस्त्याचा आराखडा जेव्हा होईल, तेव्हा ही यादी टेबलावर असली पाहिजे.